घरचे विश्वस्त

मराठी मनुष्य आपल्या मालमत्तेची व्यवस्था हयातीत करीत नाही. फार तर मनात करतो. बदलीच्या नोकरीत तर ही मानसिक व्यवस्था अधिकच सोयीची. घर एका प्रांतात, जमिनीचा तुकडा दुसऱ्या प्रांतात, प्रॉव्हिडंट फंड सरकारात आणि मुले चहूकडे. अशा स्थितीत ‘पुढचे पुढे’ या दोन शब्दांवर पिढ्या निभावल्या आहेत. आमचे तीर्थरूप मात्र तसे निघाले नाहीत. केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेले तात्या बंगळूरच्या जयनगरातील आपले स्वकष्टार्जित घर एका खाजगी न्यासाच्या स्वाधीन करीत आहेत, आणि विश्वस्त म्हणून ज्येष्ठ बंधूंबरोबर आमचीही योजना झाली आहे.

याला कारण आमची धाकटी बहीण. वय एकतीस, समज आठ-नऊ वर्षांच्या मुलीची. जयनगराची आखणी 1948 सालची. मेन आणि क्रॉस यांची ती काटकोनी जाळी नवख्याला कंटाळवाणी वाटते, पण आमच्या बहिणीला त्याच जाळीने स्वातंत्र्य दिले आहे. चौथ्या ब्लॉकातील बाजारापर्यंत ती एकटी जाते. फुलवालीशी आमच्याहून चांगले कन्नड बोलते. उरलेले पैसे तिला मोजता येत नाहीत. फुलवालीच ते मोजून तिच्या मुठीत ठेवते. उद्या घर विकून तिला पुण्यास बंधूंकडे नेले, तर छप्पर मिळेल. ही फुलवाली मिळणार नाही.

तात्यांनी प्रथम मृत्युपत्राचा विचार केला होता. परंतु मृत्युपत्र कर्त्याच्या मागेच बोलू लागते. कर्ता अंथरुणाला खिळला, स्मरणशक्ती गेली, तरी ते कपाटात मुकेच. काहीच न करता 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यावर भिस्त ठेवावी, तर आई आणि आम्ही तिन्ही भावंडे सारखे वारस. बहिणीस हिस्सा मिळेल खरा, पण हिस्सा म्हणजे घर नव्हे. वाटणी कोणीही मागू शकतो. कचेरीत आपण ज्या उत्साहाने नॉमिनेशनचे फॉर्म भरतो, त्याचीही भूल वाचकांनी बाळगू नये. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर 2013 साली निवर्तले, मागे मृत्युपत्र होते, म्युच्युअल फंडांवर नामनिर्देशनही होते, आणि त्या दोहोंचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला तो असा, की अशा गुंतवणुकीत नॉमिनी हा नामनिर्देशनामुळे मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राने वा वारसाहक्कानेच ठरते. पंचांगकर्त्याच्या घरीही जे चुकले नाही ते आपल्याला चुकेल कसे?

राहता राहिला 1882 चा न्यास कायदा. स्थावर मालमत्ता असल्याने न्यासपत्र नोंदवावे लागते; मुद्रांक, साक्षीदार, निबंधकांची कचेरी, हे सर्व ओघानेच आले. खरा प्रश्न निराळाच होता. ‘न्यास पुढे रद्द करण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवायचा का?’ असे वकीलसाहेबांनी विचारले. ठेवला तर उत्पन्न तात्यांचेच धरून कर लागणार. न ठेवला तर सर्व लाभार्थींच्या संमतीवाचून न्यास मोडता येणार नाही. आणि अशी संमती देण्याची पात्रता कायदा आमच्या बहिणीस देत नाही. म्हणजे कायमचाच. तात्या म्हणाले, “नको ठेवायला. मोडता येत असेल तर तो तिच्या काय कामाचा?” त्या क्षणी घर आमच्या हातून गेले, हे आम्हांस स्पष्ट दिसले. वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे होईल.

विश्वस्तपण ही काही मिरविण्याची वस्तू नाही. पुण्याचे सरदार बाबा महाराज 7 ऑगस्ट 1897 रोजी वारले. मृत्युपत्राने नेमलेल्या विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते आणि ते नुकतेच जामिनावर सुटलेले होते. ताई महाराज प्रकरण म्हणून गाजलेल्या त्या दत्तकाच्या वादात टिळकांना 1903 साली खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली, 1904 साली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि प्रिव्ही कौन्सिलचा अनुकूल निकाल यावयास 1915 साल उजाडले. एका मित्राच्या शब्दापायी अठरा वर्षे! एकदा पत्करलेले हे पद मन मानेल तेव्हा सोडता येत नाही, असे कायदाही म्हणतो. तात्यांच्या योजनेत एक सोय मात्र बाबा महाराजांना नव्हती: विश्वस्त कसे वागतात हे तात्या जिवंतपणी, त्याच घराच्या ओसरीवर बसून पाहणार आहेत.

आम्ही सहकुटुंब त्याच घरात राहतो, आणि न्यासाच्या मालमत्तेतून विश्वस्ताने स्वतःचा लाभ करून घेऊ नये असा दंडक आहे. तेव्हा भाड्याचे कलम घालणे आले. तात्यांनी शेजारपाजारी चौकशी करून, लाजेकाजेस्तव थोडा कमी असा आकडा काढला. तो दरमहा बहिणीच्या नावे जमा व्हावयाचा. जन्मापासून ज्या घरात वावरलो तेथे भाडेकरू होण्याचा योग विरळाच. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र मसुदा वाचून एवढेच म्हटले, “पावती घेत जा. उद्या पुण्याच्या भावजींनी बोलायला नको.” पुण्याच्या भावजींनी अद्याप ब्र काढलेला नाही, पण बोलणे येणार ते त्यांच्याकडून नव्हे, पुढच्या पिढीकडून, हे त्यांनाही कळते. बहिणीच्या पश्चात उरेल ते दोन्ही घरच्या मुलांत सारखे जावे, असे कलम बंधूंच्याच सांगण्यावरून पडले.

आता वाद उरला तो एकाच जागी. अनेक विश्वस्त असल्यास, न्यासपत्रात निराळे लिहिले नसेल तर, प्रत्येक कामात सर्वांनी मिळून वागावे असा नियम आहे. बंधू पुण्यात, आमची बदली उद्या गुवाहाटीस झाली, तर गळक्या छपराच्या दुरुस्तीस सही करणार कोण? म्हणून आईला तिसरी विश्वस्त करून, कोणत्याही दोघांच्या सहीने काम चालावे आणि विश्वस्ताची सरकारी बदली हे त्याने पद सोडल्याचे चिन्ह मानू नये, असे कलम घालावे हा आग्रह आम्ही धरला. वकीलसाहेब हसले, असे कलम त्यांनी आजवर लिहिले नव्हते. मसुद्यात ते अकरावे आहे.