करंजी घाटातल्या दोन रेषा

भिंगारला माझं गॅरेज आहे. काम बहुतेक टर्बो डिझेलचं. कितीतरी गिऱ्हाइकं एकच तक्रार घेऊन येतात: "मिस्त्री, गावात मस्त पळते, घाट लागला की दम टाकते." अशा वेळी मी बॉनेट नंतर उघडतो. आधी गिऱ्हाइकाला शेजारी बसवतो, मागच्या सीटवर टॅब घेऊन पोऱ्या बसतो, आणि आम्ही पाथर्डी रस्ता धरून करंजी घाट गाठतो.

उभ्या गाडीला स्कॅनर लावला की बरंच काही दिसतं, पण त्या आकड्यांवर माझा भरवसा नाही. आयडलला कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, साधारण 250 ते 300 बार दाब असतो. तेवढा दाब थकलेला पंपही देतो, आणि तेवढ्यापुरतं डिझेल अर्धवट चोंदलेल्या फिल्टरमधूनही येतं. खरी मागणी सुरू होते टर्बो भरल्यावर. टर्बो सिलेंडरमध्ये हवा कोंबतो, त्या हवेच्या मापात डिझेल काही मिलिसेकंदांत आत जायला हवं, म्हणून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, रेलचा दाब हजार, बाराशे, काही गाड्यांत 1600 बारपर्यंत मागतो.

1600 बार म्हणजे किती, हे मी पोरांना आपल्या जिल्ह्याच्या मापात सांगतो. कळसूबाई 1646 मीटर. तेवढ्या उंचीची नळी पाण्यानं भरून उभी केली, तर तळाला साधारण 160 बार दाब येईल. अशा दहा कळसूबाई एकावर एक रचायच्या, आणि तो सगळा भार अंगठ्याएवढ्या जाड नळीत कोंडायचा.

जुन्या पंपाच्या गाड्यांत मेलेलं सिलेंडर शोधायला माझे वस्ताद चालू इंजिनवर एकेका नोजलच्या पाइपचा नट सैल करायचे. ज्या नटावर आवाज बदलला नाही, ते सिलेंडर मेलेलं. ही युक्ती मी मन लावून शिकलो होतो. कॉमन रेल आल्यावर ती सोडून द्यावी लागली. त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि बोट, कधी हात, कापायची वेळ येते. माझ्या गॅरेजमध्ये चालू इंजिनवर त्या नटाला मी कुणाला पाना लावू देत नाही.

घाटाची सवय मला एका चुकीनं लावली. पाथर्डीकडचा एक दूध संकलनवाला त्याची गाडी घेऊन आला होता. हाय प्रेशर पंपच टाकीतून डिझेल ओढून घेतो, अशा प्रकारातली. चढावर दाब पडतो, कोड येतो, गाडी लिम्प मोडला जाते, म्हणजे स्वतःच ताकद कमी करून रांगते. मी निदान केलं, पंप बसला. पंप उतरवून ओव्हरहॉलला पाठवला. त्याचे चार दिवस गेले, पैसेही गेले. पंप बसवून गाडी घाटात नेली तर पहिल्याच वळणावर तेच.

तेव्हा मला सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. फिल्टर आणि पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक नळी जोडली. आयडलला डिझेल काचेसारखं स्वच्छ. रेस वाढवून धरली, तशी नळीत मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ लागली. टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीला क्लॅम्पखाली केसासारखी चीर होती. बाहेर डिझेलचा एक थेंब नव्हता, कारण त्या नळीत दाब नसतो, ओढ असते. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. आणि ओढ जितकी जोराची, तितकी हवा जास्त. म्हणून गावात ठीक, घाटात बंद. नळीचा तुकडा शंभर-दीडशे रुपयांचा होता. पंपाचा खर्च मी त्या माणसाकडून घेतला नाही, पण त्याचे चार दिवस मला परत देता आले नाहीत.

आता घाटात तिसरा गिअर, दोन हजारच्या आसपास आरपीएम, आणि पेडल तळाला. टॅबवर दोनच रेषा ठेवायला सांगतो: ईसीएमनं मागितलेला दाब आणि मिळालेला दाब. मिळालेली रेषा चढासोबत हळूहळू खाली सुटत गेली, तर पुरवठा अपुरा: फिल्टर, नळी, हवा. रेषा करवतीसारखी वरखाली झाली, तर बहुतेक वेळा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह. गाडी सकाळी स्टार्टलाच वेळ घेत असेल आणि दाब मुळातूनच कमी पडत असेल, तर इंजेक्टर डिझेल रिटर्नला सोडून देतायत. ते पाहायला आम्ही चारही इंजेक्टरना सलाइनच्या नळ्या लावून चार बाटल्या टांगतो. जी बाटली आधी भरते तिचा इंजेक्टर गुन्हेगार.

नगरमध्येच व्हीआरडीई आहे, डीआरडीओची वाहन संशोधन संस्था. तिथे लष्करी गाड्या ट्रॅकवर पळवून पारखतात. आमचा ट्रॅक हा घाट.

पेट्रोल टर्बोचं दुखणं निराळं. मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात इंजेक्टरच्या तोंडाशी टर्बोची हवाच उभी असते. रेलमध्ये 3 बार आणि समोरून 1 बार बूस्ट, म्हणजे इंजेक्टरच्या वाट्याला 2 उरले. जितका बूस्ट वाढेल तितकाच पेट्रोलचा दाबही वाढला पाहिजे. हौशी पोरं रिमॅप करून बूस्ट वाढवून आणतात, पंप मात्र मूळचाच. ऐन जोरात दाब कमी पडला की पेट्रोल अपुरं, हवा जास्त, आणि पिस्टन जळतो. मी त्यांना आधी फ्युएल प्रेशर गेज बसवायला लावतो, पुढचं नंतर बोलू म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात एका कांदा उत्पादकाची गाडी घाटात अशीच दम टाकत होती. मागून पोऱ्या आकडे वाचत होता, "मागणी 1400, मिळाले 1290... 1180..." रेषा चढासोबत सुटत होती. गाडी कडेला घेतली, फिल्टरचा ड्रेन सैल केला. कपात आधी पाणी आलं, मग काळा चिकट गाळ, आणि शेवटी डिझेल. तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ट्रॅक्टरसाठी घरी ड्रम भरून ठेवतो, कधी घाईत गाडीतही त्यातलंच ओततो. संध्याकाळी फिल्टर बदलून आम्ही दोघं त्याच्या वस्तीवर गेलो. गोठ्यामागे ड्रम उभा होता, झाकणाचं वायसर कधीच गेलेलं, आणि वर पत्र्याच्या पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं.