अड्यारच्या रस्त्यांवर नवी हंटर : पहिली बाइक घेताना रायडर्स काय सांगतात?

चेन्नई म्हटलं की बहुतेकांना मरीना बीच, कांजीवरम साडी आणि फिल्टर कॉफी आठवते. पण शहराच्या दक्षिणेला, अड्यार नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या अड्यार भागाची चव थोडी वेगळी आहे. इथे थिऑसॉफिकल सोसायटीचं दाट झाडीचं आवार आहे. त्यात सुमारे ४५० वर्षांचा वटवृक्ष आहे. १९८९ च्या वादळात त्याचं मूळ खोड कोसळलं, पण पारंब्यांच्या आधारावर तो अजून उभा आहे. १९५४ मध्ये सुरू झालेलं कॅन्सर इन्स्टिट्यूट इथेच, आयआयटी मद्रास आणि गिंडीचं जंगल जवळच, आणि दहा मिनिटांवर बेझंट नगरचा एलियट्स बीच.

आपल्याला या भागाशी नातं सांगायचं तर १९१६ साल आठवा. लोकमान्य टिळकांनी त्या वर्षी एप्रिलमध्ये होमरूल लीग सुरू केली आणि सप्टेंबरमध्ये अॅनी बेझंट यांनी मद्रासमधून आपली लीग काढली. बेझंट नगर हे नाव त्यांचंच.

रविवारी पहाटे मात्र अड्यारची ओळख एकच असते, ती म्हणजे बाइक. एलियट्स बीचवर, कार्ल श्मिटच्या पांढऱ्या स्मारकाच्या आसपास (बुडणाऱ्यांना वाचवताना १९३० मध्ये जीव गमावलेला हा डॅनिश खलाशी) ओळीने गाड्या लागतात. कुणी ईस्ट कोस्ट रोडने सुमारे ५० किलोमीटरवरच्या महाबलीपुरमला निघालेलं असतं, कुणी फक्त कॉफी प्यायला आलेलं असतं. गेल्या काही महिन्यांत या रांगेत एक गाडी जास्त दिसू लागली आहे. रॉयल एनफिल्डची नवी हंटर ३५०.

गाडी इथलीच, चेन्नईची

बुलेट म्हणजे आपल्याकडे कोल्हापूर-साताऱ्याची शान. गिरगावच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ आणि गॉगल घालून बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो दरवर्षी आपल्या मोबाइलवर येतातच. पण बुलेटचं भारतातलं माहेर मद्रास! १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या मूळ कंपनीने मद्रास मोटर्सच्या साथीने इथे जुळणी सुरू केली आणि शहराच्या उत्तर टोकाला, तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. इंग्लंडमधली मूळ कंपनी पुढे बंद पडली, मद्रासची चालू राहिली. १९९४ मध्ये ती आयशर समूहात गेली आणि आता ओरगडम आणि वल्लम वडगल इथल्या मोठ्या कारखान्यांतून गाड्या जगभर जातात.

हंटर ३५० पहिल्यांदा आली ऑगस्ट २०२२ मध्ये. बुलेट आणि क्लासिकचं वजन १९५ किलोच्या घरात, तर हंटर १८१ किलोची, चाकं १७ इंचांची, अंगाने आटोपशीर. शहरात चालवणाऱ्या आणि पहिल्यांदाच मोठी बाइक घेणाऱ्यांसाठी ही गाडी होती. मागचं सस्पेन्शन कडक आहे, ही तिच्याबद्दलच्या परीक्षणांत वारंवार आलेली तक्रार. एप्रिल २०२५ मध्ये सुधारित हंटर आली, तेव्हा नेमक्या याच जागी बदल झाले. मागच्या स्प्रिंग बदलल्या, जमिनीपासूनची उंची १० मिलिमीटरने वाढून १६० झाली, सीटचा फोम आणि हँडलबार सुधारले, स्लिप-असिस्ट क्लच आला. वरच्या व्हेरिएंट्सना एलईडी हेडलाइट आणि मोबाइलसाठी टाइप-सी चार्जिंग मिळालं. इंजिन तेच, ३४९ सीसीचं आणि सुमारे २० बीएचपी ताकदीचं.

मला यात रस का?

मी मूळची सांगलीची. दोन वर्षांपासून अड्यारमध्ये राहते आणि तारामणीच्या ऑफिसला जाते. उंची पाच फूट दोन इंच. पहिल्या बाइकसाठी पैसे साठवले आहेत. पण घरी प्रश्न पैशांचा नाही. मी शाळेत असताना माझा मामा बाइकच्या अपघातात गेला. हेल्मेट घरी खुंटीला होतं. त्यामुळे बाइक हा शब्द काढला की आई फोनवर गप्प होते. मग म्हणते, ‘‘अगं, स्कूटी घे ना. पाय तरी टेकतील.’’

आईला ‘सगळे घेतात’ हे उत्तर चालणार नव्हतं. म्हणून काही रविवार मी एलियट्स बीचवर आणि गांधी नगरच्या चहाच्या टपऱ्यांवर ही गाडी चालवणाऱ्यांशी बोलत राहिले. ही गाडी नवशिक्यांना सोपी आहे का, हा एकच प्रश्न. उत्तरं मात्र माणसागणिक वेगळी निघाली.

‘‘क्लच हलका, हाताला आराम’’

पहिला भेटला एकोणीस वर्षांचा कॉलेजचा मुलगा. वडिलांच्या १०० सीसी बाइकवर शिकला आणि आता हंटर चालवतो. त्याला रंग आवडला, चार्जिंग आवडलं. पण मुद्द्याची गोष्ट त्याने नंतर सांगितली. ‘‘मध्य कैलासच्या सिग्नलवर संध्याकाळी थांबून बघा, अक्का. दर दहा फुटांवर क्लच दाबावा लागतो. हा क्लच हलका आहे, हात दुखत नाही.’’ स्लिप-असिस्ट क्लचचं काम हेच. लिव्हर दाबायला कमी जोर लागतो आणि घाईत गिअर खाली टाकले तरी मागचं चाक झटका खात नाही. नव्या माणसाकडून गिअर चुकतातच, तेव्हा हा बदल त्याच्या कामाचा.

‘‘चालताना जड नाही, थांबल्यावर जड’’

दुसरी होती एक नर्स, तिशीतली, माझ्याहून इंचभर बुटकी. सीटची उंची ७९० मिलिमीटर, त्यामुळे तिचे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत, चवडे टेकतात. ती म्हणाली, ‘‘चालू असताना ही गाडी वजन दाखवत नाही. पार्किंगमधून मागे ढकलताना दाखवते.’’ साध्या स्कूटरचं वजन १०५-११० किलोच्या आसपास, म्हणजे इथे सत्तर किलो जास्त. तिने दोन युक्त्या सांगितल्या. उतारावर गाडीचं तोंड खाली करून लावायची नाही, नाहीतर निघताना चढावर मागे ओढावी लागते. आणि सिग्नलला थांबताना डावा पाय कुठे पडणार ते आधी बघायचं, कारण खड्ड्यात पाय गेला तर गाडी तोलता येत नाही.

माझ्या उंचीच्या मुलीसाठी हे बोलणं कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कामाचं होतं.

‘‘नवशिका काही वयावर ठरत नाही’’

तिसरी भेट अचानक झाली. मी फोनवर आईशी बोलत होते, तर शेजारच्या बाकावरचे एक काका वळून मराठीत म्हणाले, ‘‘सांगलीकडची का तू?’’ सत्तरीला टेकलेले, तंजावरच्या मराठी घराण्यातले. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य उभारलं, तेव्हापासून तिकडे वसलेल्या घरांपैकी त्यांचं एक. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, मध्येच तमिळ शब्द येणारं. ऐकायला फार गोड.

काकांनी तरुणपणी जुनी बुलेट चालवली, उजव्या पायाला गिअर आणि डाव्याला ब्रेकवाली. किक मारण्याआधी तिची मनधरणी करावी लागायची. मग नोकरी, मुलं, कार. तीस वर्षांनी पुन्हा बाइक घेतली ती ही. ‘‘बटण दाबलं की चालू होते. गुडघ्यांना बरं. पण गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्याला. माझे पाय अजून जुनं विसरत नाहीत. म्हणून महिनाभर फक्त कॉलनीत चालवली. नवशिका काही वयावर ठरत नाही, बाळ.’’

नापसंतीही ऐका

सगळे खूश नव्हते. फूड डिलिव्हरी करणारा एक तरुण हसून म्हणाला, ‘‘मी दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरतो. ही लिटरला तीस-पस्तीस देणार. माझी ११० सीसी त्याच्या दुप्पट देते. पोट त्या गाडीवर आहे, शौक या गाडीवर.’’ रोजचा प्रवास मोठा असेल तर हा हिशेब टाळू नये.

मागे बसणाऱ्यांचं मत सहसा कुणी विचारत नाही. मी एका जोडप्यातल्या ताईंना विचारलं. त्यांचं उत्तर सरळ होतं. पूर्वीच्या हंटरपेक्षा धक्के कमी, पण मागची जागा बेताचीच. महाबलीपुरमपर्यंत ठीक, त्यापुढे त्यांना वाटेत दोनदा उतरून पाय मोकळे करायचे असतात. घरात दोघांसाठी एकच गाडी असणार असेल, तर टेस्ट राइडला मागे बसणारीलाही न्या.

अड्यारचे रस्ते परीक्षा घेतात

गाडी सोपी की अवघड, हे निम्मं रस्ता ठरवतो. अड्यारमध्ये मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याच्या कामामुळे एल. बी. रोडच्या बाजूला वळसे, बॅरिकेड आणि लोखंडी पत्रे आहेत. ओल्या पत्र्यावर ब्रेक दाबला की टायर घसरतो. पत्र्याच्या आधीच वेग कमी करून तो सरळ ओलांडायचा, हे इथला प्रत्येक जुना रायडर सांगतो. बीचलगतच्या रस्त्यावर वाऱ्याने आलेली बारीक वाळू असते. ती दिसत नाही, पण वळणावर भोवते.

शिवाय इथला मोठा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत नाही, तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. डिसेंबर २०१५ च्या पुरात याच अड्यार नदीने काठावरच्या वस्त्या बुडवल्या होत्या. तेव्हा गाडीची उंची १० मिलिमीटरने वाढली म्हणून पाण्यात घालायची हिंमत कुणी करू नये. ती वाढ स्पीडब्रेकरला पोट घासू नये यासाठी आहे.

पहिली बाइक घेणार असाल तर

या सगळ्या गप्पांतून माझ्या वहीत उतरलेल्या गोष्टी अशा :

• आतापर्यंत फक्त स्कूटर चालवली असेल, तर क्लच-गिअर आधी १०० ते १२५ सीसीच्या हलक्या बाइकवर शिका. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, घाई नको. पक्कं लायसन्सही गिअरच्या गाडीचंच काढा.

• शोरूममध्ये नुसतं बसून फोटो काढू नका. गाडी स्टँडवरून काढा, दहा पावलं मागे ढकला, पुन्हा लावा. हे जमलं तर वजन जमलं.

• रोजचे बूट किंवा सँडल घालूनच पाय टेकतात का ते बघा.

• बेस व्हेरिएंटमध्ये सिंगल चॅनल एबीएस आणि मागे ड्रम ब्रेक आहे, वरच्यांत ड्युअल चॅनल एबीएस आणि दोन्हीकडे डिस्क. नवशिक्याने रंगावर खर्च करण्याआधी ब्रेकवर करावा.

• २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे जुनी किंमत धरून बसू नका. पण एक्स-शोरूम आकड्यात विमा, नोंदणी आणि हेल्मेट नसतं. तेही बजेटमध्ये धरा.

• हेल्मेट आयएसआय मार्कचं आणि दोन. मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने सक्तीचं आहे.

चेन्नईत एक आणखी पद्धत आहे. नवी गाडी घेतली की लोक ती सेंट्रल स्टेशनजवळच्या बॉडीगार्ड मुनीश्वरन मंदिरात नेतात. पूजा होते, हार चढतो आणि चाकाखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घेतात. आपण दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतो, तसंच. श्रद्धा आपल्या जागी, पण मुनीश्वरनकडून परतणारे काही जण हार गाडीला आणि हेल्मेट कोपराला अडकवून निघतात, ते बघून मला मामाची खुंटी आठवते.

आईला मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. नर्सने सांगितलेली डाव्या पायाची गोष्ट तिने दोनदा विचारली. शेवटी ठरलं ते असं : आधी दोन महिने मैत्रिणीच्या १२५ सीसी बाइकवर सराव, पक्कं लायसन्स, मग ड्युअल चॅनल एबीएसवाली हंटर. हेल्मेट मात्र लगेच घ्यायचं, आणि त्याचे पैसे आई देणार. तिच्याकडून आलेला हा पहिला होकार आहे. सध्या तरी मला तेवढा पुरेसा आहे.