न दिसणारी अक्षरे

मंडळी, आपल्याला जी रिकामी जागा, ती संगणकाला अक्षरच असते. माजी विद्यार्थ्यांची यादी मी सध्या पायथनमध्ये लावतोय. 'सुनीता' आणि शेवटी चुकून स्पेस पडलेली 'सुनीता' या त्याच्या लेखी दोन वेगळ्या मुली!

उपाय सोपा आहे. 'स्ट्रिप' वापरले की दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा जातात, मधल्या राहतात. 'रिप्लेस'ने मधल्याही काढता येतात, पण मग नाव आणि आडनाव एकमेकांना चिकटतात.

नात म्हणाली, "आजोबा, न दिसणारं सगळंच पुसून टाका ना!" इथे मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. युनिकोडमध्ये 'दऱ्या' लिहायची एक रीत अशी: 'र'चा पाय मोडायचा, पुढे 'झीरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य चिन्ह, मग 'या'. 'स्ट्रिप' या चिन्हाला हात लावत नाही. पण आपण ते हट्टाने पुसले, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र, म्हणजे दर्या होतो. आचाऱ्याला दिलेला पगार आचार्याला जातो! यादीतल्या कऱ्हाड्यांचे आडनावही बिघडते.

हजेरीत मुलाचे नाव चुकले की त्याचा चेहरा पडतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. तेव्हा टोके झाडली, मधले जॉइनर तसेच ठेवले.