सायलेन्सरचे पडदे आणि गाडीची शोभा

कारखान्यातून आलेल्या वाहनात मालकाने आपल्या आवडीने केलेल्या बदलाला शौकीन लोक 'मॉडिफाय' करणे म्हणतात, आणि त्यातील काय शोभते व काय भडक दिसते याविषयी वरवट बकाल गावात गॅरेजपासून चहाच्या टपरीपर्यंत जी मते मांडली जातात, ती बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींपाशीच थांबतात. बोलेरोची अलॉय चाके किंवा 4141 हा क्रमांक 'दादा' असा वाचला जावा म्हणून वळवलेले आकडे, यांवर हिरिरीने वाद होतो. काचांवरील काळ्या फिल्मचा वाद तर सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच मिटवला आहे. कानांना काय सोसावे लागते, हा प्रश्न मात्र कोणी काढत नाही.

सायलेन्सरच्या आत पडदे, म्हणजे धुराला वळणे घ्यायला लावून आवाज मंदावणाऱ्या आडव्या चकत्या असतात, आणि 175 सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीचा आवाज विक्रीपूर्व चाचणीत 80 डेसिबलच्या आत असावा लागतो. हे पडदे काढून पोकळ नळी बसवली आणि धावत्या गाडीत ठिणगी क्षणभर तोडली, की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत एकदम पेटते, यालाच पोरे 'फटाका' म्हणतात. शेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या बंडीमागे एका बुलेटचा असा फटाका फुटला, बैल बुजून रस्त्याखाली उतरले, जुवाची शिवळ मोडली, आणि जमलेल्या लोकांनी बुलेटवाल्याला अडवण्याऐवजी बंडीवाल्यालाच "जनावर सांभाळता येत नाही, तर रस्त्यावर काहून आणता?" असे विचारले. प्रस्तुत लेखकाला तो प्रश्न अजून सलतो. ती जोडी एसटीच्या आणि ट्रकच्या हॉर्नला सरावलेली होती. जुवाला जुंपलेल्या बैलाला मागे वळून पाहता येत नाही, आणि पाठीमागे अचानक स्फोट झाला तर पळणे एवढेच त्याच्या हाती उरते. नुकसान ज्याचे झाले त्यालाच खजील होऊन सांडलेला कापूस गोळा करावा लागला, आणि ज्याने ते केले तो तोवर गाव ओलांडून गेला होता.

मोटार वाहन कायदा, 1988 याचे कलम 52 मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करून घेण्याची वाट मात्र मोकळी आहे, आणि स्कूटरला बाजूची दोन चाके लावून शेतावर जाणाऱ्या माणसाची गाडी ही या परिसरातील सर्वांत देखणी मॉडिफाय केलेली गाडी मानावी लागेल.

तथापि कानांना काय सोसावे लागते हाच निकष काटेकोर लावला, तर पोळ्याला गोंडे, फुगे आणि मोठे स्पीकर लावून मिरवणारा ट्रॅक्टरही भडकच ठरेल, पण तेथे मन कठोर होत नाही. जुन्या बुलेटचा मूळचा संथ ठोका ऐकून तर थांबावेसे वाटते. म्हणून शौकिनांनी शौक सोडावा असे येथे मुळीच म्हणणे नाही. ज्यांचा मूळ सायलेन्सर घरात किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात पडून आहे, त्यांनी तो कापूस वेचणीचा हंगाम सुरू होण्याआधी परत बसवून घ्यावा. मोजक्या बोल्टांचे ते काम आहे.