न पाहता घेतलेली गाडी

स्मरणिकेसाठी विद्यालयाच्या आठवणी लिहाव्यात, अशी संपादक मंडळाने आम्हास विनंती केली. विद्यालयाच्या जडणघडणीविषयी लिहिणारे आमच्याहून ज्येष्ठ सहकारी आहेत, ते लिहितीलच. आम्ही मात्र येथे आमच्या एका फसगतीची हकीगत सांगणार आहोत. गेली दोन वर्षे विद्यालयाच्या आवारात, कार्यशाळेच्या पत्र्याच्या शेडखाली एक लांबलचक पांढरी गाडी उभी आहे. मेळाव्याला येणारे माजी विद्यार्थी आणि भेटीस येणारे पालक तिच्याविषयी हमखास विचारतात. प्रत्येकाला तोंडी उत्तर देता देता गोष्टीतील मुख्य भाग निसटतो. म्हणून ती एकदाची लिहूनच काढावी, असे ठरविले.

१९८५ साली आम्ही याच वसतिगृहात इयत्ता नववीत शिकत होतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमास आलेले एक पाहुणे पांढऱ्या कॉन्टेसा गाडीतून आले होते. नगर शहरात आम्ही अॅम्बेसेडर पाहिली होती, फियाट पाहिली होती, लष्करी छावणीतील जीपा आणि ट्रक तर रोजचेच होते. परंतु इतके लांब बॉनेट आणि इतका रुंद देह असलेली मोटार आम्ही प्रथमच पाहत होतो. पाहुणे मंचावर गेल्यावर आम्ही चार-पाच मुले गाडीभोवती जमलो. तिच्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवावा, एवढीच इच्छा होती. तोच चालक ओरडला, "ए, हात लावू नका!" कदाचित नव्या रंगाच्या काळजीपोटीच तो बोलला असेल. त्याच्या मनात दुसरे काही होते, असे आज आम्ही म्हणणार नाही. पण 'हात लावू नका' हे शब्द आमच्या आजोबांनी ज्या अर्थाने आयुष्यभर ऐकले, तो अर्थ आमच्या कानांतून गेलेला नव्हता. आम्ही मागे सरलो. ती गाडी मात्र डोक्यात राहिली.

पुढे इतिहासाचे विद्यार्थी झाल्यावर या गाडीचा इतिहासही आम्ही वाचला. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरांचे दांडगे इंजिन बसविण्याची चढाओढ सुरू झाली. अशा गाड्यांना पुढे 'मसल कार' हे नाव पडले. आपल्याकडे तशी गाडी कधी झालीच नाही. बंगालमधील उत्तरपाडा येथे अॅम्बेसेडर बनविणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल कंपनीच्या, तेथे बंद पडलेल्या गाडीचा आराखडा घेतला आणि १९८४ मध्ये कॉन्टेसा बाजारात आणली. देह पहिलवानाचा होता, पण सुरुवातीला आत बसविले होते ते अॅम्बेसेडरचेच दीड लिटरचे इंजिन. साहजिकच ती दिसायची वाघासारखी आणि चालायची बैलासारखी. काही वर्षांनी इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आले, तेव्हा कुठे त्या देहाला शोभेल असा जीव आला. मारुतीच्या छोट्या, काटकसरी गाड्यांपुढे आणि नंतर आलेल्या परदेशी गाड्यांपुढे तिचा निभाव लागला नाही. २००२ साली तिचे उत्पादन थांबले. तरीही लांब बॉनेटमुळे हौशी लोक तिलाच 'भारताची मसल कार' म्हणतात आणि आज शोधून शोधून विकत घेतात.

२०२२ साली मुलीचे शिक्षण पूर्ण झाले, घराचे कर्ज फिटले आणि हाती थोडी शिल्लक राहिली. तेव्हा मोबाइलवर दिल्लीतील एका कॉन्टेसाची छायाचित्रे आमच्या पाहण्यात आली. दिल्लीच का, याला कारण आहे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणण्यास मनाई करणारा हरित लवादाचा आदेश तेव्हा लागू होता आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याची अंमलबजावणी करण्यास बजावले होते. त्यामुळे तेथील जुन्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत जात आणि तुलनेने स्वस्त मिळत. विक्रेत्याने पंचवीस-तीस छायाचित्रे पाठविली. पांढरा शुभ्र रंग, चकचकीत बंपर, आतील लाल गाद्या. इंजिन मूळचे, इसुझूचे, असे त्याने छातीठोकपणे सांगितले. एक लाख साठ हजार रुपयांत सौदा ठरला.

आमच्या सहचारिणींनी एकच प्रश्न विचारला, "अहो, पण गाडी पाहिली का तुम्ही?"

आम्ही त्यांना मोबाइल दाखविला. त्या म्हणाल्या, "हे फोटो झाले. गाडी कुठंय?"

शाळेला सुट्टी नाही, दिल्ली जवळ नाही, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, अशी उत्तरे आम्ही दिली. खरे उत्तर वेगळेच होते. चौदा वर्षांच्या मुलाला त्या पत्र्यावर हात ठेवायचा होता आणि त्या मुलाला पन्नाशीतला शिक्षक आवरू शकत नव्हता. आधी निम्मे आणि 'गाडी ट्रेलरवर चढली' असा फोटो आल्यावर उरलेले, असे सगळे पैसे आम्ही पाठविले. ट्रेलरचे भाडे वेगळे.

नवव्या दिवशी केडगाव बाह्यवळणाजवळ गाडी उतरली. ट्रेलरवरून खाली येताना ती सुरू झालीच नाही, ढकलून उतरवावी लागली. आम्ही नागापूर एमआयडीसीजवळ गॅरेज चालविणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो अर्ध्या तासात टोचन घेऊन आला. त्याने बॉनेट उघडण्याआधी खिशातून जुन्या स्पीकरमधील लोहचुंबक काढले आणि तो दारांच्या, मडगार्डच्या पत्र्यावरून सावकाश फिरवू लागला. काही ठिकाणी चुंबक खटकन चिकटे, काही ठिकाणी घसरून खाली येई.

"सर, जिथं चिकटत नाही ना, तिथं पत्रा नाहीच. पुट्टी भरून वरून रंग मारलाय."

मग तो खाली झोपून आत शिरला. चेसिसचा मागचा भाग गंजून पापुद्र्यांसारखा सुटत होता. शेवटी त्याने बॉनेट उघडले आणि बराच वेळ काही बोलला नाही. आत इसुझूचे पेट्रोल इंजिन नव्हतेच. भलत्याच गाडीचे डिझेल इंजिन तेथे बसविलेले होते. आरसी बुकात इंधन पेट्रोल आणि इंजिन क्रमांक निराळा. असा बदल परवानगीने करून आरसी बुकात नोंदवावा लागतो. तशी नोंद कोठेच नव्हती. परराज्यातील गाडीची येथे नव्याने नोंदणी करताना निरीक्षक चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक ताडून पाहतात. ते जुळले नाहीत, तर एमएच-१६ ची पाटी त्या गाडीला मिळणार नाही, हे आम्हास त्याने तिथेच सांगितले आणि पुढे परिवहन कार्यालयातही तेच ऐकावे लागले. विक्रेत्याचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद झाला.

आता या हकीगतीतला मुख्य भाग. त्या दिवशी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून चहा घेताना आम्ही त्याला म्हणालो, "अरे, इतकी वर्षं मुलांना शिकवलं आणि आम्हीच कसे फसलो?" तो हसला. म्हणाला, "सर, तुम्हीच वंदनेचा अर्थ सांगायचा. एहिपस्सिको. या आणि पाहा."

मग थोडे थांबून, गाडीच्या चाकाकडे पाहत तो म्हणाला, "मलाबी तुम्ही बघितलं नव्हतं, सर. माझं गुणपत्रक बघितलं होतं."

आम्हाला तो प्रसंग लख्ख आठवला. दहावीत तो दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला होता. निकालाच्या दिवशी सर्व मुलांसमोर आम्ही म्हणालो होतो, "बाबासाहेबांच्या नावाने शिकायला येता आणि असे दिवे लावता?" त्यानंतर तो वसतिगृहात परतलाच नाही. त्याचे आईवडील पाथर्डी तालुक्यातले ऊसतोड कामगार. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. त्या वर्षी फडावर त्याची आई आजारी पडली होती आणि तो दोन महिने तिकडे जाऊन राहिला होता. ही गोष्ट हजेरीपटावर केवळ 'गैरहजर' म्हणून नोंदलेली होती. हजेरीपट आम्ही पाहिला होता. गावापर्यंत आम्ही गेलो नव्हतो. वसतिगृहाचा पंखा, सायकलची चेन, पाण्याची मोटर तो शाळकरी वयातच दुरुस्त करी, हेही आम्ही रोज पाहत होतो आणि त्याची कोठेही नोंद केली नव्हती. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो उठून पाना शोधू लागला. "जाऊ द्या सर, चहा गार होतोय," एवढेच म्हणाला.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना सांगितले होते की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा थोर आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः जाणून मग स्वीकारा. हे आम्ही दरवर्षी शिकवितो. पण न पाहता ठरविणे ही केवळ गाडी घेणाऱ्याची चूक नाही. आपल्या समाजाला ज्या व्यवस्थेने हजारो वर्षे छळले, ती जातिव्यवस्था म्हणजे तरी दुसरे काय? माणूस न पाहता त्याचे जन्मकूळ पाहून त्याची किंमत ठरविणे.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर टिपणांत ते लहान असतानाची १९०१ ची आठवण आहे. वडिलांना भेटण्यासाठी निघालेली भावंडे मसूर स्थानकावर उतरली. अंगावर नीटनेटके कपडे. स्टेशनमास्तरला ती उच्चवर्णीयांची मुले वाटली आणि त्याने आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत असे कळताच त्याचा चेहरा पालटला. समोर उभी असलेली मुले तीच होती, कपडे तेच होते. त्याच्या डोळ्यांनी पाहिलेले एका शब्दाने पुसून टाकले. त्यानंतर एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर.

१९२९ साली चाळीसगावी तर याहून विपरीत घडले. मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांना न्यायला टांगेवाला तयार होईना. पाहुण्याने पायी यावे हे आपल्या माणसांना सहन होईना. त्यांनी टांगा मिळविला, पण हाकणारा त्यांच्यातलाच, सवय नसलेला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. ज्यांच्या पूर्वजांना साधा टांगा मिळत नव्हता, त्यांच्यापैकी एकाला पन्नाशीत आलिशान मोटारीचा मोह झाला, यात लाजण्यासारखे काही नाही, असे आम्ही आजही मानतो. लाज वाटते ती याची की, ज्या शस्त्राने आपल्याला जखमी केले, तेच न पाहता पारखण्याचे शस्त्र आम्ही एका विद्यार्थ्यावर चालविले.

पालक बंधुभगिनींनो, तुमच्यापैकी अनेकजण ऊसतोडीला, वीटभट्टीला वा मुंबई-पुण्याकडे कामाला जाताना आपली मुले या विद्यालयाच्या स्वाधीन करून जाता. सहा-सहा महिने तुम्ही ती पाहू शकत नाही. तुमचा तो विश्वास आमच्या दिल्लीवाल्या सौद्यासारखा वाया जाऊ नये, ही जबाबदारी आमची आहे. म्हणून सेवेच्या उरलेल्या वर्षांसाठी आम्ही एक नियम केला आहे: सतत गैरहजर राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी, आणि घर बंद असेल तर फडावर, स्वतः जाऊन यायचे. मागील दोन हंगामांत आम्ही अकरा ठिकाणी जाऊन आलो. त्यांपैकी नऊ मुले आज वर्गात आहेत. दोघांना आम्ही परत आणू शकलो नाही.

आणि ज्या माजी विद्यार्थ्यांना जुन्या गाडीचा मोह होईल, त्यांच्यासाठी चार शब्द. स्वतः जाणे शक्य नसेल, तर त्या गावातला आपला माणूस पाठवा. चेसिस आणि इंजिनाच्या क्रमांकांची पेन्सिलने घेतलेली छाप मागवा आणि ती आरसी बुकाशी ताडून पाहा. गाडीवर कर्जाचा बोजा वा दंड बाकी आहे का, हे परिवहन विभागाच्या नोंदींत तपासा. इंजिन थंड असताना ते सुरू होताना पाहा. खिशात लोहचुंबक असू द्या. आणि घरातील माणूस 'पाहिली का?' असे विचारील, तर त्याला मोबाइल दाखवू नका.

गाडी रस्त्यावर येणार नाही, हे निश्चित झाल्यावर आम्ही ती विद्यालयाच्या कार्यशाळेस दिली. आमचा तो विद्यार्थी दर रविवारी सकाळी येतो आणि आठवी-नववीच्या मुलामुलींना तिचे इंजिन उघडून दाखवितो. त्याचे नाव आम्ही येथे लिहिणार होतो. "नाव नको सर, काम बघू द्या लोकांना," असे तो म्हणाला. मागील महिन्यात इयत्ता सहावीतली एक छोटी मुलगी शेडच्या बाहेर उभी राहून बराच वेळ गाडीकडे पाहत होती. आम्ही तिला जवळ बोलावले आणि तिचा हात त्या उन्हाने तापलेल्या बॉनेटवर ठेवला.

विद्यालयाच्या पुढील वाटचालीस आमच्या मंगल कामना. नमो बुद्धाय, जय भीम.