चावी फिरवू नका

पंपावरचं पेट्रोलचं नोझल सहसा डिझेलच्या नोझलपेक्षा बारीक असतं. त्यामुळे डिझेलचं जाड नोझल पेट्रोल गाडीच्या तोंडात सहज शिरत नाही, उलटं मात्र आरामात होतं. या बारीकपणाची गोष्ट जुनी आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाल्या गाड्या आल्या. शिसं असलेल्या पेट्रोलने कन्व्हर्टर निकामी व्हायचा, म्हणून त्या गाड्यांच्या टाकीचं तोंडच अरुंद केलं. थोडक्यात, ही सोय वेगळ्याच चुकीसाठी होती. डिझेल गाडीत पेट्रोल जाणं तिने कधी अडवलंच नाही.

गेल्या वर्षी बाबांच्या डिझेल गाडीत, साताऱ्याच्या अलीकडच्या एका पंपावर, १८ लिटर पेट्रोल भरलं गेलं. बाबांनी स्वच्छ शब्दांत "डिझेल" सांगितलं होतं, झाकणावरही लिहिलेलं होतं. भरणारा मुलगा जेमतेम विशीचा, दोन बाजूंच्या रांगा एकटा सांभाळत होता. बिल हातात आलं, मी वाचलं, आणि बाबांचा हात चावीकडे जाताना पाहून ओरडलेच, "बाबा, चावी नको!"

डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, अशी आमची जमात मोठी आहे. त्या चार वर्षांचा घरच्यांना झालेला हा पहिला उपयोग.

लगेच माणसं जमली. एक काका बाबांना म्हणाले, "वरून डिझेलने टाकी फुल करा, काही होत नाही. आम्ही जीपमध्ये कितीदा केलंय." काका खोटं बोलत नव्हते. जुनी डिझेल इंजिनं दणकट होती. थंड देशांत तर हिवाळ्यात डिझेल गोठू नये म्हणून त्यात थोडं पेट्रोल मिसळायची रीतच होती. पण आताच्या कॉमन रेल इंजिनात इंधन १,५०० ते २,००० बार दाबाने इंजेक्टरमध्ये जातं. तुमच्या कारच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते, यावरून अंदाज घ्या. हा दाब तयार करणाऱ्या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. पेट्रोल ते वंगण पातळ करतं. मग धातूवर धातू घासतो, बारीक कीस निघतो आणि थेट इंजेक्टरपर्यंत पोचतो. बऱ्याच नव्या गाड्यांत तर इंजिन सुरू करायचीही गरज नसते. चावी 'ऑन'वर नेली तरी टाकीतला पंप इंधन पुढे ढकलायला लागतो. म्हणून चावी फक्त स्टिअरिंग सुटेल इतकीच फिरवली, गाडी न्यूट्रल केली आणि चौघांनी ढकलत मोकळ्या जागेत नेली.

तेवढ्यात तो मुलगा प्लॅस्टिकची बादली आणि पाण्याची नळी घेऊन धावत आला. मॅनेजर यायच्या आत तोंडाने ओढून पेट्रोल काढायचा त्याचा विचार होता. मी नळी काढून घेतली. एक घोट चुकून श्वासनळीत गेला तरी फुप्फुसं सुजतात, जीवही जाऊ शकतो. आणि हल्लीच्या बऱ्याच टाक्यांच्या तोंडाशी झडप असते, नळी आत जातच नाही.

तासाभराने मेस्त्री आले. आधी त्यांनी लांब उभे राहा म्हणून सांगितलं, मोबाइल खिशात ठेवायला लावले. वाळूची बादली आणि अग्निशामक जवळ आणून ठेवला. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. टाकी उघडण्याआधीच, कारण नंतर उडालेली एक ठिणगीही पुरे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते. म्हणूनच हे काम बंद गॅरेजात किंवा खड्ड्यावर करत नाहीत. प्लॅस्टिकची बादली त्यांनी बाजूला सारली. वाहत्या इंधनाने स्थिर वीज साठते, म्हणून लोखंडी डबा घेतला आणि डबा व गाडीची बॉडी तारेने जोडली. मागची सीट उचलली, तिच्याखालचं झाकण उघडलं आणि हातपंपाने सगळं उपसलं. पाचेक लिटर डिझेल घालून टाकी धुतली, तेही काढलं. फिल्टर नवा बसवला, लाइनमधली हवा काढली.

"हे माझ्या बाइकमध्ये चालेल का?" मुलाने डब्याकडे बघत विचारलं.

"डिझेल मिसळलंय बाळा. धूर ओकत बंद पडेल," मेस्त्री म्हणाले. गटारात ओतायचं नाही म्हणून तो डबा घट्ट बंद करून, वर खूण करून ते सोबत घेऊन गेले.

मॅनेजर आले आणि पहिलंच वाक्य बोलले, "याच्या पगारातून कापतो." बाबाही तेव्हा रागातच होते. आमच्या ऑफिसात सर्व्हर पडला की नंतर एक बैठक होते. तिथे 'कुणी केलं' विचारायचं नाही, 'हे होऊ कसं शकलं' ते विचारायचं, असा नियम आहे. तो नेहमी पाळला जातो असं नाही. तरी मी मॅनेजरना यंत्राकडे नेलं. पेट्रोल आणि डिझेलचे पाइप शेजारी शेजारी, दोन्ही काळे, दोन्हींवरच्या पट्ट्या पुसून गेलेल्या. वर रांगेला एकच मुलगा. "उद्या दुसरा ठेवलात तरी त्याचंही हेच होईल," मी म्हणाले. ते गप्प राहिले. पेट्रोलचे पैसे परत मिळाले, मेस्त्रींचं बिल पंपाने आणि आम्ही निम्मं निम्मं भरलं. मुलाचा पगार कापला की नाही, ते मला कळायला मार्ग नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर गाडी सुरू करू नका. पेट्रोल गाडीत डिझेल गेलं असेल तरीही हेच. स्वतः उपसायला जाऊ नका, मेस्त्री बोलवा, बिल जपून ठेवा. आणि एरवी गाडीतून उतरून नोझल टाकीत जाण्याआधी बघा, इंधनाचं नाव मोठ्याने सांगा आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या. दहा सेकंद लागतात. त्यात तुमचं इंजिन वाचतं, आणि बारा तास उभ्या असलेल्या कुणाचा तरी पगारही.