मूळव्याध नव्हती

दादाला शौचावाटे रक्त जायचं. आमच्या उरणात अशा वेळी पहिलं नाव मूळव्याधीचं निघतं, तसंच झालं. मलम, इसबगोल, तिखट बंद. रक्त थांबेना, वजन उतरत गेलं. शेवटी दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने, तपासलं तेव्हा मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. दादा तेव्हा ४८ वर्षांचा होता.

डॉक्टर आम्हा बहिणींना म्हणाले, "त्रास नसला तरी तुम्हीही तपासून घ्या." सख्ख्या नात्यात हा आजार असेल तर चाळिशीला, किंवा त्या माणसाच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा सुरुवात करायची. म्हणजे आम्ही ३८व्या वर्षीच. मी तर ४४ची होते.

मी म्हटलं, शौचाचा नमुना देते. त्या फिट नावाच्या तपासणीत डोळ्यांना न दिसणारं रक्तही कळतं. पथ्य नाही, पण दरवर्षी करावी लागते. डॉक्टर म्हणाले, घरात कुणाला हा आजार नसेल तर ४५नंतर ती चालते. रक्त आढळलं तर मात्र कोलोनोस्कोपी चुकत नाही. सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसते, काढता येत नाही. आम्हाला थेट कोलोनोस्कोपीच सांगितली.

आधी ताई गेली. आतडं साफ झालं नव्हतं म्हणून तपासणी अर्ध्यावर थांबली. ती लोहाच्या गोळ्या घेत होती. त्या काही दिवस आधी बंद करायच्या असतात, पण तिला दिलेल्या कागदावर ते नव्हतंच. सगळं पुन्हा करायचं कळल्यावर ताई रडली.

खरा त्रास आदल्या दिवशीचा. नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा एवढंच. कोकम सरबत नको, तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. जुलाबाचं औषध अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे. ते पिऊन उरणहून लोकल पकडणं शक्यच नाही, डब्यात संडास नसतो. मी नेरूळला मावशीकडे मुक्कामाला गेले.

प्रत्यक्ष तपासणी भुलीत कळलीही नाही. एक लहान गाठ सापडली, तिथेच काढली. रिपोर्ट येईपर्यंत मी घरात कुणाशी धड बोलले नाही. कॅन्सर नव्हता, पण पुढे होऊ शकेल अशी गाठ होती.

तिशीनंतरच्या सरकारी कॅन्सर तपासणीत तोंड, स्तन, गर्भाशयमुख बघतात. आतडं त्यात नाही, आपणच विचारावं लागतं. दादाची केमो चालू आहे. वहिनीने दोन्ही मुलांना आताच बजावलंय, अडतिसावं लागलं की जायचं.